वेल्श शाळेत मूल घातलंय? मग या चुका टाळा

ऑक्टोबरची हाफ टर्म, म्हणजे शाळेची मधली सुट्टी, जवळ आली की मला ठरावीक फोन येऊ लागतात. कुटुंब इंग्लंडातल्या रेडिंग, स्लाव नाहीतर लेस्टरहून वेल्समधल्या कार्डिफला आलेलं असतं. आईबाबांपैकी कोणीतरी हॉस्पिटलात, कोणीतरी आयटीत. घरात मुलांची भाषा इंग्रजीच, मराठी आजीच्या व्हिडिओ कॉलपुरती. घराजवळची चांगली शाळा वेल्श माध्यमाची, म्हणजे सगळं वेल्श भाषेत शिकवणारी निघते, शेजारीण तिचं कौतुक करते, प्रवेश होतो. आणि महिना-दीड महिन्यानं फोन: "ताई, त्याला काहीच येत नाही हो."

आधी एक गैरसमज काढून टाका. या शाळा फक्त वेल्श घरांतल्या मुलांसाठी नसतात. १९३९ मध्ये अॅबरिस्टविथला सात मुलांवर पहिली वेल्श प्राथमिक शाळा सुरू झाली, तेव्हाची गोष्ट वेगळी. आज कार्डिफ, कैरफिली या पट्ट्यात वर्गातली बहुतेक मुलं इंग्रजी बोलणाऱ्या घरांतूनच येतात. शाळेची सगळी पद्धतच त्यांच्यासाठी बसवलेली आहे. तेव्हा तुमचं मूल काही जगावेगळं नाही. गडबड होते ती बहुतेक वेळा घरी.

"काहीतरी वेल्श बोलून दाखव"

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. मूल साडेतीनला शाळेतून येतं, दमलेलं, भुकेलेलं. दप्तर टेकवायच्या आत सरबत्ती सुरू: आज काय शिकलास? सफरचंदाला काय म्हणतात? दहापर्यंत म्हण बघू. शनिवारी पाहुण्यांपुढे पुन्हा तोच खेळ. मूल गप्प बसतं, आईबाबांचे चेहरे पडतात, आणि भाषा येवो न येवो, ते पडलेले चेहरे मुलाला बरोबर वाचता येतात.

चार-पाच वर्षांचं मूल नवी भाषा आधी नुसती ऐकतं. चांगले काही महिने ऐकतं. शिक्षिका दिवसभर वेल्शमध्ये बोलते, पण हातवारे, चित्रं, गाणी आणि रोजचा ठरलेला क्रम यांच्या आधारानं. "पाउब आर अ कार्पेड" असं म्हटलं की सगळ्यांनी गालिच्यावर जाऊन बसायचं. पहिले काही दिवस मूल शेजाऱ्याकडे बघून बसतं, मग न बघता बसायला लागतं. ही प्रगती घरी कोणाला दिसत नाही, कारण घरी तो गालिचा नसतो. मुलानं इंग्रजीत उत्तर दिलं तरी शिक्षिका रागावत नाही. तेच वाक्य वेल्शमध्ये म्हणते आणि पुढे जाते. तिला घाई नसते.

स्विंडनहून आलेल्या एका घराची गोष्ट सांगते. मुलगी रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात. नाताळापर्यंत वर्गात तिनं तोंड उघडलं नव्हतं. वडिलांनी चक्क एक्सेलमध्ये तक्ता केला होता, दर रविवारी मुलीला बसवून किती शब्द येतात ते मोजायचे. आकडा हलेना. फेब्रुवारीत त्यांनी शाळा बदलायचं ठरवलं. नेमकी त्याच दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. पोरगी जिन्याच्या पायऱ्यांवर दोन बाहुल्या, एक टेडी आणि का कोण जाणे, तुपाची एक रिकामी बरणी ओळीनं मांडून बसली होती. "बोरे दा, ब्लान्ट!" म्हणजे सुप्रभात, मुलांनो. मग बाहुल्यांच्या वतीनं तीच, वर्गात मुलं लांबवतात तशा सुरात, "बोऽरे दाऽऽ". टेडी कलंडला तर त्याला "आयस्तेद लाउर!" (खाली बस!) अशी दटावणी, शिक्षिकेच्या हुबेहूब आवाजात. वडील आत लॅपटॉपवर बदलीचा अर्ज भरत होते. मी त्यांना उठवून दाराशी आणलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "हो, पण हे शब्द माझ्या यादीतले नाहीत."

अर्ज गेला, मुलगी इंग्रजी शाळेत गेली. तिचं वाईट काही झालं नाही, छान चाललंय. पण पुढे धाकट्याला वेल्श शाळेत घालायची वेळ आली तेव्हा दोघं एकाच शाळेत असावीत म्हणून मोठीचीही चौकशी सुरू झाली. तोवर तिनं सात ओलांडली होती आणि जिन्यावरचं सगळं वेल्श पुसलं गेलं होतं. जे फुकटात होत होतं त्यासाठी आता वेगळ्या वर्गाची वाट धरावी लागली.

माझी सवय विचाराल तर मी मुलांना काहीच विचारत नाही. आधी खायला देते. मग टीव्हीवर एस-फोर-सी या वेल्श वाहिनीवरचे 'किउ' हे लहान मुलांचे कार्यक्रम लावते आणि आपल्या कामाला लागते. बोलायचंच असेल तर आज डब्याला कोण शेजारी होतं, हे विचारा, आणि ते तुमच्या भाषेत. रिसेप्शनला घातलेल्या मुलाचं मोजमाप यिअर टू संपेपर्यंत, म्हणजे सात वर्षांचं होईपर्यंत, करायचंच नाही, असं माझं मत आहे. ज्यांना एवढा धीर नसेल त्यांनी आधीच दुसरी शाळा बघावी. त्यात कमीपणा काही नाही, निदान मुलाची ओढाताण तरी होत नाही.

एक वाक्य मात्र पहिल्या दिवसाआधी घरी घोटून घ्या: "गा ई वन्द ईर टी बाख?" म्हणजे शी-शूला जाऊ का. इंग्रजीत विचारलं तरी शिक्षिका पाठवतेच, पण हे वाक्य आलं की मुलाची निम्मी भीती जाते. वेल्श शाळेत शिकलेल्या कुठल्याही मोठ्या माणसाला विचारा, बाकी सगळं विसरलं तरी हे त्याला आठवतं.

वाचनाच्या पुस्तकावर फोन धरणं

मूल पातळसं वाचनाचं पुस्तक घरी आणतं. बाबा पानावर फोनचा कॅमेरा धरतात, पडद्यावर इंग्रजी उमटतं, बाबा ते वाचून दाखवतात. दोन आठवड्यांत मूल शहाणं होतं: अक्षरांकडे बघायचंच नाही, चित्र बघून इंग्रजी वाक्य ठोकून द्यायचं. खुर्चीवर मांजर आहे ना, मग झालं तर! बाबा खूश. शाळेत शिक्षिका चित्र झाकते आणि बिंग फुटतं.

यातले एक बाबा शब्दकोश घेऊन बसणारे होते. पानावर होतं "मायर गाथ आर अ गादाइर". कोशात 'गाथ' नाही, 'गादाइर' नाही. सापडतात 'काथ' (मांजर) आणि 'कादाइर' (खुर्ची). गृहस्थांनी शाळेच्या पुस्तकात पेन्सिलीनं दोन्ही शब्द दुरुस्त केले आणि वर मुलाला सांगितलं की छपाईत चूक आहे. छपाई बरोबर होती. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर आजूबाजूच्या शब्दांमुळे बदलतं, आपल्याकडे शेपूट बदलतं ना, तसं यांच्याकडे तोंड बदलतं. मांजर 'काथ', पण 'ते मांजर' म्हणताना 'अ गाथ', 'माझं मांजर' म्हणताना 'व न्घाथ'. गावांनाही सुटका नाही: कार्डिफ म्हणजे 'काइर्दीद', पण 'कार्डिफमध्ये' म्हणताना 'अङ् न्घाइर्दीद'. तेव्हा कोशात शब्द सापडला नाही तर ग असेल तिथे क, ब असेल तिथे प, द असेल तिथे ट धरून बघा. बहुतेक वेळा काम होतं. मुलांना हा नियम कोणी शिकवायला जाऊ नये. ती ऐकून ऐकूनच तो उचलतात.

मुलाला वाचू द्या, अडलं तर अडू द्या. उच्चारासाठी 'मागी आन' हे मोफत अॅप आहे, त्यात गोष्टी ऐकताही येतात. मी पुस्तक मुलाच्या हातात देते आणि म्हणते, मला शिकव. मोठ्यांना चुकताना बघून मुलांना जो आनंद होतो, त्यावर बरीच पानं निघतात.

घरी लपूनछपून ए-बी-सी

इंग्रजी मागे पडेल ही भीती सगळ्यांना असते. वेल्श माध्यमात इंग्रजी हा विषय सात वर्षांपर्यंत सक्तीचा नाही, तो यिअर थ्रीच्या सुमारास सुरू होतो. तोवर वाचन-लेखन वेल्शमध्येच. म्हणून पालक रात्री गुपचूप इंग्रजीचे फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे उच्चार, सुरू करतात. मग शाळेतला एफ 'व' असतो आणि घरचा 'फ'. शाळेत डब्ल्यू 'ऊ', यू जवळपास 'ई', दोन डी म्हणजे इंग्रजी 'दिस'मधला 'द'. वेल्श मुळाक्षरं २९, त्यात के, क्यू, व्ही, एक्स, झेड नाहीतच. पाच वर्षांच्या पोराला दोन्हीकडून हे कोंबलं की ते दोन्हीकडे अडखळतं, आणि दोष शाळेला मिळतो.

वेल्श बरंचसं लिहिलं तसं वाचलं जातं. एकदा तिथे वाचनाची गाठ सुटली की इंग्रजी वाचन मागोमाग येतं, आणि घरात, दुकानात, यूट्यूबवर इंग्रजी असतंच. इंग्रजी गोष्टी मांडीवर घेऊन खुशाल वाचून दाखवा. शिकवू नका, एवढंच.

किरकोळ, पण दरवर्षीच्या

शाळेचं पत्र भाषांतरासाठी मला पाठवू नका. पान उलटा, मागे इंग्रजी असतं.

दोन एल म्हणजे 'ळ' नव्हे. जीभ 'ल'च्या जागी ठेवायची आणि बाजूनं हवा सोडायची. लानेली या गावाला लानेली म्हणून चालतं, ळानेळी म्हणू नका.

यूट्यूबवरचं वेल्श उत्तरेचं आहे की दक्षिणेचं, ते बघा. दक्षिणेत दूध 'लाइथ', उत्तरेत 'लेव्रिथ'. मुलाला दोन्ही चालतात, गोंधळ तुमचाच होतो.

"आता डोक्यात तीन भाषा नकोत" म्हणून मराठी बंद करणारे भेटले की मला खरंच राग येतो. बंद करायला सगळ्यात आधी आजीचीच भाषा कशी सापडते?

१ मार्चच्या सुमारास, सेंट डेव्हिड डेला, शाळेत आइस्टेथवॉड होतं, गाणी आणि कवितापठणाची स्पर्धा. तेव्हा काही आईबाबा कविता देवनागरीत लिहून मुलाकडून घोकून घेतात. देवनागरी तुमच्यासाठी ठेवा, पोराला ती कविता कानानं येतच असते.

आईबाबांनी आधी स्वतः पारंगत व्हायचं आणि मग मुलाला घालायचं, हाही एक थोर बेत आहे. त्याऐवजी मुदियाद मैथ्रिन या बालवाडी संघटनेचा 'क्लब कुच' हा पालकांसाठीचा छोटा मोफत कोर्स करा. दहा वाक्यं आली तरी खूप.

सात वर्षांनंतर आलात तर

इथे मात्र शॉर्टकट महागात पडतो. आठ-नऊ वर्षांचं मूल थेट वर्गात बसवून "उचलेल आपोआप" म्हणणारे बरेच भेटतात. चार वर्षांचं उचलतं, कारण वर्गातले सगळेच तेव्हा शून्यावर असतात. यिअर फोरमध्ये बाकीची मुलं वेल्शमध्ये भागाकार करत असतात.

या वयासाठी वेगळी केंद्रं आहेत, जिथे नवख्या मुलांना छोट्या गटात साधारण एक सत्र भाषेत बुडवून काढतात आणि मग शाळेत परत पाठवतात. वायव्य वेल्समधल्या ग्विनेदमध्ये ती १९८४ पासून चालू आहेत, कारण तिथे बहुतेक प्राथमिक शाळा वेल्शच आहेत आणि बाहेरून येणाऱ्या मुलांना पर्याय नव्हता. आता इतरही कौन्सिलांकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनांकडे, अशी सोय असते. "आमचा हुशार आहे, त्याला वेगळं बसवू नका" असं म्हणून जागा नाकारणारे पालक मी पाहिलेत. मुलाच्या हुशारीचा यात संबंधच नाही. घर बदलायचं ठरलं की फर्निचर बघायच्या आधी कौन्सिलच्या शिक्षण खात्याला दोनच गोष्टी विचारा: माझ्या मुलाच्या वयाला असं केंद्र आहे का, आणि पुढची तुकडी कधी सुरू होते. तुकडी मध्येच सुरू झाली असेल तर पुढच्या तुकडीच्या यादीत नाव घाला, आणि तोवर शाळा काय करणार हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.