वांगाचे डाग, लेझर आणि घाई: या चुका टाळा

'लेझरच्या किती सिटिंग लागतील?' काळे डाग घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच. डाग कसला आहे, हे फार थोडे विचारतात. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, म्हणून आधी त्याबद्दल.

सगळे डाग एकच समजणं

दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर सारखाच पसरलेला तपकिरी डाग बहुधा वांग असतो. पुटकुळी फोडल्यावर मागे राहतो तो दाहानंतरचा डाग. तो पुटकुळ्या थांबल्या की सहा महिने ते वर्षभरात बराचसा आपणच फिकटतो. डोळ्याभोवती एकाच बाजूला, जन्मापासून किंवा वयात येताना उमटलेली निळसर-राखाडी छटा म्हणजे नीव्हस ऑफ ओटा. मानेवरच्या जाड, मखमली काळेपणाचं मूळ बऱ्याचदा वाढलेल्या वजनात आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात असतं, तिथे लेझरच्या आधी रक्तातली साखर तपासावी. पाठीवर आणि दंडांवर लहरींसारखे दिसणारे राखाडी-तपकिरी ठिपके वर्षानुवर्षं घासणीने अंग घासणाऱ्यांत हमखास दिसतात. घासणी सुटल्याशिवाय ते हटत नाहीत. कपाळाच्या कडेने आणि कानांमागे राखाडी पट्टे असतील तर हेअर डायवर संशय घ्या, कुंकवाच्या जागी असतील तर कुंकवावर.

एवढं वेगळं काढायचं कारण असं, की 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचं (वेव्हलेंग्थ) क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचं लेझर ओटाच्या डागाला छान लागू पडतं, आणि त्याच जोराने वांगावर मारलं तर वांग पहिल्यापेक्षा गडद होतो. मशीन तेच, फक्त निदान चुकलेलं.

केमिस्टकडून आणलेली तीन औषधांची ट्यूब

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 1975 मध्ये क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारं औषध), ट्रेटिनॉइन ('अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं, म्हणजे रेटिनॉइड) आणि स्टिरॉइड (दाह दाबणारं) एकत्र करून डागांवर वापरायची पद्धत मांडली. औषध खरोखर चांगलं आहे, पण ठरावीक आठवड्यांसाठी आणि देखरेखीखाली. आपल्याकडे हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के आणि मोमेटासोन 0.1 टक्के अशा घडणीच्या ट्यूब 'गोरं होण्याचं क्रीम' म्हणून घरोघरी पोहोचल्या.

नेहमीची हकीकत अशी. शेजारच्या काकूंनी नाव सांगितलं, केमिस्टने काही न विचारता ट्यूब दिली. पंधरा-वीस दिवसांत चेहरा उजळला, सगळ्यांनी विचारलं 'काय लावतेस गं?' मग ती ट्यूब मॉइश्चरायझरसारखी रोज, सगळ्या चेहऱ्याला. चार-सहा महिन्यांत गाल तांबूस, उन्हात गेलं की भाजल्यासारखी आग, बारीक लाल शिरा, हनुवटीवर लव, पुटकुळ्या. घाबरून ट्यूब बंद केली की चार दिवसांत चेहरा लालभडक होतो, सुजतो, खाजतो आणि वांग दुप्पट गडद होऊन परत येतो. परत लावली की शांत. त्यामुळे बाई म्हणते, 'मला हेच क्रीम सूट होतं.' ते सूट होत नसतं, त्याची सवय लागलेली असते. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि दाह दाबून ठेवतं. तो हात उठला की दाबलेलं सगळं एकदम उफाळतं.

ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. अशा 14 स्टिरॉइड मलमांना सरकारने 2018 मध्ये शेड्यूल एचमध्ये आणलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. तरी मिळतात, हे कोणाला ठाऊक नाही?

महिनोन्महिने लावून झालं असेल तर एका झटक्यात सोडू नका आणि दुसऱ्या 'आयुर्वेदिक' क्रीमवरही उडी मारू नका. डॉक्टर सौम्य स्टिरॉइडवर आणून दिवसाआड करत ते उतरवतात किंवा टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देतात. त्या काळात चेहऱ्याला तीनच गोष्टी: सौम्य फेसवॉश, वास नसलेलं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. फेशियल, पील, ब्लीच, लेझर सगळं बंद, निदान दोन-तीन महिने. हे ऐकून निम्मी मंडळी नाराज होऊन उठतात. उठू द्यावं.

त्याच ट्यूबमधल्या हायड्रोक्विनोनचा स्वतंत्र धोका आहे. वर्षानुवर्षं लावलं तर ऑक्रोनोसिस होतो, म्हणजे निळसर-काळे बारीक ठिपके, जे काढणं मूळ वांगापेक्षा कितीतरी अवघड. तीन-चार महिने लावून थांबायचं आणि मधल्या काळात ॲझेलॅइक ॲसिड हे डागांवरचंच दुसरं मलम, 15 ते 20 टक्के, हा क्रम सुरक्षित.

सनस्क्रीन लावलंय, पण नावापुरतं

पाकिटावरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, एका चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढ्या थरावर मोजलेला असतो. चेहरा आणि मानेसाठी त्याचा सोपा हिशोब म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ. मटाराएवढा थेंब चोळून एसपीएफ 50 चं संरक्षण मिळत नाही.

दुसरं म्हणजे, आपल्या सावळ्या त्वचेत वांगाला दिसणारा प्रकाशही भडकवतो आणि पांढरं, पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्यावं. वांग असेल तर आमचा आग्रह यासाठीच असतो, ब्रँड कुठलाही चालेल. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत लावा. उन्हातला यूव्हीए हा अतिनील किरणांचा प्रकार काचेतून आत येतो, तेव्हा खिडकीजवळचं टेबल किंवा कॅबची मागची सीट म्हणजे सावली नव्हे. पावसाळ्यातही लावायचं. स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधता ते उत्तमच, पण त्याच्या आतही लावा.

लेझरचं पॅकेज

'दहा सिटिंग, आता बुक केलं तर दोन फ्री.' वांग असलेल्याने ही ओळ ऐकली की उठून घरी जावं.

वांगावर करतात त्याला लेझर टोनिंग म्हणतात. 1064 नॅनोमीटर, 6 ते 8 मिलिमीटरचा मोठा स्पॉट (किरणाचा ठिपका) आणि कमी ऊर्जा, एका चौरस सेंटिमीटरला साधारण 1 ते 3 जूल. बरोबर चाललं असेल तर त्वचेवर फक्त किंचित गुलाबी छटा येते. तिथेच पांढरट चमक उठली किंवा रक्ताचे ठिपके दिसले तर वांगासाठी ऊर्जा जास्त झाली. ओटाच्या डागात मात्र तीच पांढरट चमक हवी असते. मशीन चालवणाऱ्याला हा फरक कळत नसेल तर काय होतं?

लग्नाला तीन आठवडे उरलेत, वांग पूर्ण घालवायचाय, पार्लरमधल्या मशीनवर दर आठवड्याला सिटिंग. 'फरक दिसत नाही' म्हटलं की ऊर्जा वाढवली जाते. तिसऱ्या सिटिंगनंतर गाल भाजल्यासारखे होतात आणि खपली धरते. ती हळदीच्या दिवशी ओढून काढली जाते. लग्नाच्या फोटोंत मेकअपखाली सगळं लपतं, महिन्याभराने त्याच जागी आधीपेक्षा गडद डाग. दुसरा प्रकार सावकाश येतो. आठवड्याच्या अंतराने सलग सिटिंग करत राहिल्यावर कॉन्फेटी पडावी तसे बारीक पांढरे ठिपके उमटतात. ते भरून यायला महिने लागतात, कधी भरतच नाहीत. आणि नीट केलेल्या टोनिंगनंतरही सनस्क्रीन आणि क्रीम सोडलं तर काही महिन्यांत वांग परततो. वांगात लेझर शेवटी येतं, तेही जोडीला.

म्हणून लेझरच्या खोलीत शिरण्याआधी विचारा: मशीन कुठलं, वेव्हलेंग्थ किती, चालवणार कोण. उत्तर 'आयपीएल' (लेझर नव्हे, तीव्र प्रकाशाचे झोत मारणारं मशीन) आलं तर सावळ्या त्वचेच्या वांगासाठी नको म्हणा. जबड्याच्या कडेला छोटा टेस्ट स्पॉट करून चार आठवडे थांबा. गोव्याहून किंवा गावच्या जत्रेहून टॅन होऊन आलात तर तो उतरेपर्यंत लेझर नाही. रेटिनॉइड सात दिवस आधी बंद. ओठावर नागीणसदृश फोड येत असतील तर आधी सांगा, प्रतिबंधक गोळी लागते. नंतर थंड शेक, व्हॅसलिन, सनस्क्रीन. खपली आपोआप पडू द्यायची.

बाकीच्या, थोडक्यात

लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर नवा डाग, कधी फोडासकट. टूथपेस्ट आणि बेकिंग सोडा दात आणि ढोकळ्यासाठी आहेत.

उत्पादकाचा पत्ता नसलेली, 'सात दिवसांत गोरं' म्हणणारी क्रीम पाऱ्याची असू शकतात. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात 2023 मध्ये अशाच क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण सापडले.

व्हिटॅमिन सी, रेटिनॉइड, ग्लायकोलिक आणि नायसिनॅमाइड एकाच आठवड्यात सुरू करू नका. एक सुरू करा, दोन आठवडे थांबा, मग दुसरं. ट्रेटिनॉइन मटाराच्या दाण्याएवढं, रात्री, सुरुवातीला दिवसाआड.

वांगासाठी देतात त्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून नकोतच. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा पूर्वेतिहास किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो.

गरोदरपणात वांग उमटला तर ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन टाळा. सनस्क्रीन आणि, डॉक्टरांनी सांगितल्यास, ॲझेलॅइक ॲसिड. प्रसूतीनंतर बऱ्याच जणींचा वांग हलका होतो.

कुठल्याही क्रीमचा निकाल आठ ते बारा आठवड्यांआधी लावू नका. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही.

आणि त्वचातज्ज्ञाकडे जाताना घरात चेहऱ्याला लागणारं सगळं एका पिशवीत घाला: अर्ध्या पिळलेल्या ट्यूब, डायचा डबा, डोक्याचं तेल, कुंकू, लेबल खरवडलेली ती डबीसुद्धा. ट्यूब फेकून दिली असेल तर केमिस्टकडे जाऊन खोक्याचा फोटो काढून आणा.