कुड, वुड, मे: इंग्रजीत नम्रपणे विचारायचं कसं

मराठीत नम्रपणा क्रियापदाच्या शेपटीत असतो. 'दे', 'द्या', 'देता का', 'द्याल का': शेवट बदलला की सूर बदलतो. शिवाय 'तू', 'तुम्ही', 'आपण' आहेतच. इंग्रजीत यातलं काहीच नाही. साहेबालाही 'यू' आणि लहान मुलालाही 'यू'. म्हणून 'द्या'चं सरळ 'गिव्ह मी' केलं की समोरच्याला 'दे' ऐकू जातं. पुढे 'प्लीज' जोडलं तरी बऱ्याचदा तो गोड हुकूमच राहतो. शेपटीतली ही नम्रता इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी आणावी लागते, आणि ते काम कॅन, कुड, विल, वुड, मे, शॅल ही मोडल क्रियापदं करतात.

बांधणी सोपी आहे: आधी मोडल, मग कर्ता, मग क्रियापदाचं मूळ रूप. 'कुड यू सेंड द फाइल?' मूळ रूपाआधी 'टू' लागत नाही आणि त्याला 'एस', 'ईडी', 'आयएनजी' चिकटत नाही. 'कुड यू टू सेंड' चूक, 'कॅन ही सेंड्स' चूक. 'डू यू कॅन सेंड' हेही चूक, कारण प्रश्न करण्याचं काम मोडल स्वतःच करतं. 'डू'ची गरज उरत नाही. 'प्लीज' कर्त्यानंतर किंवा अगदी शेवटी ठेवा: 'कुड यू प्लीज सेंड द फाइल?' कुड, वुड, शुड या तिन्हींत 'एल' लिहायचा, उच्चारायचा नाही.

'कुड' म्हणजे 'शकलो' असं पाठ केलेलं असतं, म्हणून 'कुड यू कम टुमॉरो?' म्हणताना जीभ अडखळते. उद्याच्या कामाला भूतकाळ कसा? इथे तो काळ दाखवत नाही, थोडं अंतर ठेवतो. आपणही 'जरा विचारायचं होतं' म्हणतोच की, विचारायचं आत्ताच असलं तरी. ऐकणाऱ्याला नाही म्हणायला जागा मिळते, एवढाच त्या 'होतं'चा उपयोग. 'कॅन'चं 'कुड' आणि 'विल'चं 'वुड' होताना नेमकं हेच घडतं.

मित्राला किंवा सहकाऱ्याला छोटं काम सांगायचं तर 'कॅन यू' पुरेसं. अनोळखी माणूस, वरिष्ठ किंवा ईमेल असेल तर 'कुड यू'. 'वुड यू'ही तितकंच नम्र. 'विल यू'पासून मात्र जपून: आवाज जरा चढला की 'विल यू सिट डाउन' म्हणजे 'बसतोस का आता!' एकच रूप लक्षात ठेवायचं असेल तर 'कुड यू' ठेवा. ते फारसं कुठे खटकत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा 'वुड यू माइंड'चा. यानंतर 'आयएनजी' लागतं: 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' अर्थ आहे 'खिडकी उघडायला तुमची हरकत आहे का?' म्हणजे नुसतं 'येस' म्हटलं तर हरकत आहे असा अर्थ निघू शकतो. होकार द्यायचा तर 'नो, नॉट ॲट ऑल' म्हणायचं आणि उठून खिडकी उघडायची. मनात 'हरकत नाही' म्हणा, 'नो' आपोआप येईल. खिडकी स्वतः उघडणार असाल तर 'वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो?' इथे 'ओपन्ड'.

परवानगीसाठी 'कॅन आय', 'कुड आय', 'मे आय'; शेवटचं सर्वांत औपचारिक. विनंतीत 'मे' फक्त 'आय' आणि 'वी'बरोबर चालतं, 'मे यू हेल्प मी?' चालत नाही. 'कुड आय'ला परवानगी देताना 'येस, यू कुड' म्हणू नये, 'येस, यू कॅन' म्हणावं. परवानगी देताना अंतर कशाला ठेवायचं? 'यू मे' जरा वरून बोलल्यासारखं वाटतं. 'शुअर' किंवा 'ऑफ कोर्स' उत्तम.

'पाहिजे'चं 'आय वॉन्ट' करू नका, 'आय वुड लाइक' म्हणा. समोरच्याला विचारताना 'वुड यू लाइक सम कॉफी?' 'डू यू लाइक कॉफी?' म्हणजे कॉफी आवडते का, हा वेगळाच प्रश्न झाला. मदत देऊ करताना 'शॅल आय कॅरी दॅट?', अमेरिकेत 'शॅल'ऐवजी बहुधा 'शुड आय' किंवा 'कॅन आय' ऐकू येतं.

माहिती विचारताना प्रश्नाच्या पोटात प्रश्न येतो. 'कुड यू टेल मी व्हेअर इज द ऑफिस?' इथे 'इज' पुढे आणायचं नाही: 'व्हेअर द ऑफिस इज'. 'व्हॉट टाइम डज इट ओपन'चं 'व्हॉट टाइम इट ओपन्स' होतं, 'डज' गळतं. हो किंवा नाही असं उत्तर हवं असेल तर मध्ये 'इफ' घाला: 'कुड यू टेल मी इफ ही हॅज लेफ्ट?'

'कान्ट यू' आणि 'कुडन्ट यू'ने विनंती सुरू केली की ती सहज टोमणा होते: 'तुला एवढंही जमत नाही का?' 'यू शुड सेंड' हा सल्ला, 'यू मस्ट सेंड' ही सक्ती. 'पाठवायला हवं'चा मऊपणा दोन्हींत नाही. उलट टोकही आहे. शेजारच्याकडून पेन मागायला 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिब्ली' अशी लांबण लावली, तर तो पेन देईल, पण आपली थट्टा होतेय की काय, असंही त्याला वाटेल.