पेटीवर समान अंतरांची स्वरपंक्ती
पुण्यातल्या गायनवर्गात पेटी हाताशी असतेच. पांढरी १ ला, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला, सा धरा आणि दर वेळी मधली एक पट्टी, काळी असो वा पांढरी, सोडा: पांढरी १, २, ३, मग काळी ३, ४, ५. म्हणजे सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. बोटं सवयीने पंचमाकडे (प) वळतात, चूक तिथेच होते. पंचम नाहीच, म्हणून तानपुऱ्याची पंचमाची तारही षड्जात (सा) लावा.

कुठल्याही स्वराला सा माना, रचना तीच राहते. त्यामुळे अशा पंक्ती दोनच, दुसरी काळी १ पासून. मूर्च्छना बदलून, म्हणजे त्याच स्वरांतल्या दुसऱ्या स्वराला सा मानून, नवा राग निघण्याचं सुंदर कोडं इथे उलगडत नाही. उलट कान सा विसरतो, तेव्हा दर आरोहानंतर षड्जावर थांबा.