घोड्यावरून पडल्यानंतर पुन्हा मांड ठोकताना या चुका टाळा

माझा कॉलरबोन दीड महिन्यात जुळला. रिकिबीत पाय घालायला मात्र त्यानंतर आणखी चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आणि परतल्यावरही मी बऱ्याच चुका केल्या आणि त्यांतल्या बहुतेक ‘आपण घाबरलेलो नाही’ हे दाखवण्याच्या हट्टापायी झाल्या. पडून झाल्यावर, आजारपणानंतर किंवा मोठ्या खंडानंतर जे पुन्हा खोगिरावर बसू पाहताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

“पडलीस? लगेच परत चढ!”

हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. भीती मनात घर करू नये, एवढंच त्यांना वाटतं. पण डोक्याला मार बसला असेल तर त्याची लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. पडल्यापडल्या अंगात इतकी तरतरी असते की मोडलेलं हाडही लगेच जाणवत नाही. मी स्वतः उठून घोडीला पकडायला धावले होते. डोकं आपटलं असेल, गरगरत असेल, मळमळत असेल किंवा आत्ता काय झालं हे नीट आठवत नसेल, तर त्या दिवशी घोड्यावर बसायचं नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच पुन्हा सुरुवात करायची.

आणि पडताना डोक्यावर होतं ते हेल्मेट टाकून द्या. बाहेरून एक ओरखडा नसला तरी आतला फोम एकदा दबला की पुढच्या वेळी तो धक्का झेलत नाही. महागाचं होतं, अजून नवं दिसतं, हे मनातले हिशेब बाजूला ठेवा.

भीती लपवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबते.

परतल्यावर पहिल्या दिवशी मी हसतमुखाने चढले. “मी ठीक आहे,” असं प्रशिक्षकांना दोनदा सांगितलं. घोडी तीच होती, शांत स्वभावाची. पण मी बसताक्षणी तिची मान वर गेली, पाठ ताठ झाली, एक कान माझ्याकडे वळला आणि तिथेच राहिला. दहा पावलांत ती तिरकी चालायला लागली. मला वाटलं, घोडी बिघडली. प्रशिक्षकांनी तिला थांबवलं आणि काही न बोलता माझी मूठ उघडून दाखवली. लगाम इतका आवळला होता की हातमोज्याला त्याची खोल घडी पडली होती. मी शपथेवर सांगितलं असतं की माझे हात सैल आहेत.

भीती वाटली की माणसाचं शरीर पोटाशी गोळा होतं. खांदे पुढे येतात, गुडघे आवळले जातात, टाचा वर उचलल्या जातात. गुडघे आवळले की चिमट्यातून वस्तू निसटावी तसे आपण खोगिरातून वर ढकलले जातो आणि मांड सुटते. उचललेल्या टाचा घोड्याच्या कुशीला लागतात, त्याचा त्याच्या लेखी अर्थ ‘चल पुढे’. त्याच वेळी आवळलेला लगाम त्याला सांगत असतो ‘थांब’. दोन्ही हुकूम एकदम आले की बिचारा घोडा करणार काय? तो अस्वस्थ होतो, मग आपण आणखी आवळतो.

स्वीडनमधल्या संशोधकांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांनी घोड्यांना एकाच वाटेने वारंवार नेलं. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं की आता घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री कोणी उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. घोड्याला छत्रीचा पत्ता नव्हता, त्याला फक्त आपल्या माणसाचं शरीर कळलं होतं.

म्हणून चढण्याआधी तोंडाने बोला: “आज मला भीती वाटते आहे.” हे प्रशिक्षकांना कळलं की ते घोड्याला लांब दोरावर घेऊ शकतात. मग थांबवण्याची, वळवण्याची जबाबदारी त्यांची आणि तुमच्याकडे फक्त मांड सांभाळण्याचं काम. माझ्या पहिल्या तीन आठवड्यांच्या फेऱ्या अशाच झाल्या. श्वास रोखला जातोय असं वाटलं तर घोड्याची पावलं मोजा, मोठ्याने. चार पावलं श्वास आत, सहा पावलं बाहेर. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडून धरता येत नाही, म्हणून काही जण गुणगुणतातही. आणि नजर घोड्याच्या मानेवर नको, पुढच्या वळणावर ठेवा. खाली पाहिलं की डोक्याचं सगळं वजन पुढे झुकतं.

दुखणं अंगावर काढणं

‘स्वारी म्हटली की दुखायचंच’ हे अर्धसत्य आहे. मांडीच्या आतले स्नायू दोन दिवस भरून येणं वेगळं. तेच दुखणं त्याच जागी प्रत्येक वेळी परत येत असेल, तर कुठेतरी काही चुकतंय.

गुडघा दुखतोय? आधी रिकिबीची लांबी पाहा. बोटांची टोकं पट्टा जिथे अडकवलेला असतो त्या कडीवर ठेवा आणि रिकीब हाताखालून काखेकडे ओढा. ती साधारण काखेपर्यंत पोहोचली तर सुरुवातीला एवढी लांबी ठीक. आखूड रिकिबीत गुडघा जास्त मुडपतो आणि दुडक्या चालीत प्रत्येक हिसका त्याच्यावर बसतो. घोटा दुखत असेल तर बहुधा टाच जोर लावून खाली दाबली जातेय. टाच दाबायची नसते, वजन सोडलं की ती आपसूक उतरते. कंबर धरत असेल तर छाती काढून, कमरेत बाक देऊन बसत नाही ना, हे कोणाला तरी बाजूने पाहायला सांगा.

मार बसलेल्या बाजूला आपण नकळत जपतो, हे मला फार उशिरा कळलं. मी उजवा खांदा सांभाळत डावीकडे झुकायची आणि घोडी सरळ वाटेवरही डावीकडे सरकायची. कोणीतरी मागून मोबाइलवर काढलेल्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत ते लख्ख दिसलं.

जमिनीवरूनच चढायचं, पायरी वापरायची नाही, हाही असाच एक हट्ट. खालून स्वतःला ओढून घेताना खोगीर एका बाजूला फिरतं, घोड्याच्या खांद्यांमधल्या उंचवट्यावर ताण येतो आणि तुमचा दुखरा खांदाही त्यात ओढला जातो. पायरीवरून चढण्यात घोड्याचंच भलं आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे राहिले. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून घेण्याची स्पर्धा) पहिल्यांदाच स्त्रियांसाठी खुलं झालं, तेव्हा त्यांनी रौप्यपदक जिंकलं आणि १९५६ साली पुन्हा रौप्य. आधार घ्यायची लाज वाटली की मी हे आठवते.

कालच्या स्वतःशी तुलना

‘आधी तर मी भरधाव पळवायचे’ हा विचार रोज येतो. येऊ द्या, पण त्याच्या मागे लागून चाल वाढवू नका. थकलेल्या स्नायूंची मांड सैल असते, म्हणून थकण्याआधीच उतरा. वीस मिनिटं चांगली गेली तर तिथेच थांबायचं. एखाद्या दिवशी नुसता खरारा करून, घोड्याला हाताने फिरवून घरी या. तोही सरावच.

घोडा बदलण्यातही बेइमानी नाही. आणि कधीही न उधळणारा घोडा अचानक उधळायला लागला असेल, तर दोष फक्त तुमच्या भीतीचा धरू नका. खोगीर टोचतंय का, पाठ किंवा दात दुखतायत का, हे पशुवैद्यांकडून पाहून घ्या.

पडण्याची स्वप्नं महिनोन् महिने पडत असतील, पागेकडे नुसतं जायच्या विचारानेच पोटात गोळा येत असेल, तर समुपदेशकाकडे जा. हाडासाठी आपण डॉक्टर गाठतो, तसंच हे.

फेरीच्या मधेच धडकी भरली तर

चाल कमी करून मोठ्या वर्तुळात वळवा. घोडा साध्या चालीवर आला की लांब श्वास सोडा. तरीही नकोच वाटलं तर थांबवून उतरा, मात्र दोन्ही पाय आधी रिकिबीतून काढून मगच. एक पाय अडकलेला असताना घोडा बुजला तर फरफट होते.

अजूनही चढण्याआधी मी घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी राहते. कधी एक मिनिट लागतं, कधी पाच. ती फुरफुरते, मान खाली सोडते, मग मी तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा एकदा तपासते आणि पायरीवर चढते.