प्रिंट काळपट येते? आधी मॉनिटरचा ब्राइटनेस बघा

माझ्या पहिल्याच लग्नाच्या अल्बममध्ये नवरीची मोरपंखी पैठणी जवळजवळ काळी छापून आली. माझ्या स्क्रीनवर तीच पैठणी झळाळत होती. लॅबवाल्यांशी मी फोनवर भांडलो. त्यांनी तीच फाइल पुन्हा छापून दिली, पुन्हा तेच. चूक माझ्याच टेबलावर होती. मॉनिटर खोक्यातून काढला तसाच, ब्राइटनेस १०० टक्के ठेवून मी वर्षभर एडिटिंग करत होतो.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी हे आधी समजून घ्या. असा मॉनिटर चौरस मीटरला २५० कँडेला (उजेड मोजायचं एकक) किंवा त्याहूनही जास्त उजेड देतो. प्रिंटच्या कामाला ८० ते १२० पुरतात. स्क्रीन झगझगीत असली की फोटो उजळ वाटतो, आपण एक्स्पोजर खाली ओढतो, आणि कागदाला तर स्वतःचा उजेड नसतोच. म्हणून प्रिंट काळवंडते.

नुसत्या डोळ्यांनी हे जुळवता येत नाही, कारण डोळा समोरच्या रंगाला लगेच सरावतो. त्यासाठी कलरीमीटर लागतो. हे छोटं यंत्र स्क्रीनवर टेकवून ठेवायचं. सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतं, यंत्र ते मोजतं आणि शेवटी त्या मॉनिटरचा आयसीसी प्रोफाइल, म्हणजे तो रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल, तयार होतो. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. मी व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) डी६५, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२ आणि ब्राइटनेस १०० कँडेला ठेवतो. मोजणीआधी मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या. नाइट लाइट, ऑटो ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट हे सगळं बंद. कलरीमीटर महाग वाटला तर तिघाचौघांत मिळून घ्या, आम्ही तसाच घेतला होता. महिन्यातून एकदाच तर लागतो.

कॅलिब्रेशन झाल्यावर स्क्रीन पिवळट आणि मंद वाटेल. दोन दिवस कळ काढा, बटणांना हात लावू नका.

खोलीकडेही बघा. माझ्या खोलीची भिंत पोपटी होती, ती मी करडी करून घेतली. लाल टी-शर्ट घालून बसलं तरी त्याची झाक स्क्रीनवर पडते, हे मला फार उशिरा कळलं.

मग लॅबकडून त्यांच्या मशीनचा आणि कागदाचा प्रोफाइल मागून घ्या. फोटोशॉपमध्ये तो लावून प्रूफ कलर्स चालू केलं की छापल्यावर काय होईल याचा बराच अंदाज येतो. मॅट कागदावर काळा रंग ग्लॉसीइतका खोल उतरत नाही, हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल थोडे फिके पडतात. ते छपाईआधी दिसलेलं बरं. फाइल एसआरजीबीमध्ये हवी की अडोबी आरजीबीमध्ये (फाइलमधले रंग मांडायच्या या दोन पद्धती), हेही विचारा. लॅब एसआरजीबी धरून चालत असेल आणि तुम्ही अडोबी आरजीबी पाठवलं, तर चेहरे निस्तेज येतात.

अल्बम पाठवण्याआधी त्याच कागदावर ८ × १२ ची एक चाचणी प्रिंट काढा. तिच्यात एक चेहरा, एक शालू आणि एक काळा सूट असू द्या. पिवळ्या बल्बखाली पाहू नका, दिवसा खिडकीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा. तरीही काळपट वाटली, तर १०० कँडेलाचे ९० करा आणि मोजणी पुन्हा करा.