आयसीयूत मृत्यूनंतर पार्थिवाची काळजी घेताना या चुका टाळा

डॉक्टरांनी मृत्यू घोषित केला की बेड रिकामा करायची घाई सुरू होते. त्या घाईत श्वासाची ट्यूब, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), लघवीचा कॅथेटर भराभर काढले जातात, आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच. आधी विचारा: केस एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायची) आहे का? पोस्टमॉर्टेम होणार आहे का? अपघात, विषबाधा, भाजणं, संशयास्पद मृत्यू यांत एकही नळी काढायची नाही. मशीन बंद करा, नळ्या क्लॅम्प करून (चिमट्याने बंद करून) जागेवरच ठेवा, अंग पुसू नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल्या डागांना बुरशी लागते.

एमएलसी नसली तरी क्रम महत्त्वाचा. आधी तोंड आणि घशातला स्राव सक्शनने ओढून घ्या, मगच ट्यूबभोवतीच्या फुग्यातली (कफ) हवा सोडून ट्यूब काढा. नाहीतर वर साचलेला स्राव चेहऱ्यावर येतो. कॅथेटरच्या फुग्यातलं पाणी सिरिंजने पूर्ण काढल्याशिवाय ओढू नका. लाइनच्या जागी नुसता कापूस-टेप पुरत नाही. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असलेल्या पेशंटच्या छिद्रातून नंतरही रक्त झिरपत राहतं आणि पांढऱ्या चादरीवरचा तो डाग नातेवाइकांच्या मनातून जात नाही. घडीचा गॉज आणि वर घट्ट वॉटरप्रूफ ड्रेसिंग लावा.

बेड सपाट ठेवला तर रक्त डोक्याकडे साचून चेहरा काळानिळा पडतो. म्हणून डोकं उशीवर उंच ठेवा. ताठरपणा आधी पापण्या आणि जबड्यात जाणवतो, साधारण दोन ते चार तासांत. डोळे मिटणं, कवळी बसवणं, हातपाय सरळ करणं त्याआधीच उरका. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा; घट्ट पट्टीचे वळ उमटतात.

नेत्रदानाचं विचारायला उशीर नको, कारण साधारण सहा तासच हाती असतात. होकार असेल तर पंखा बंद करा आणि मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवा.

पेसमेकर असेल तर तो फाइलवर ठळक लिहा आणि डॉक्टरांना सांगा. दहनात तो फुटतो, त्यामुळे आधी काढावा लागतो.

तुळशीपत्र, गंगाजल द्यायचं असेल तर पार्थिव गुंडाळण्याआधी विचारा. मुस्लिम कुटुंबात गुस्ल (धार्मिक स्नान) घरचे किंवा समाजातले लोक देतात. नखं, केस कापू नका.

मंगळसूत्र, जोडवी नातेवाइकांना विचारल्याशिवाय उतरवू नका. उतरवलेला दागिना 'सोन्याचा' न लिहिता 'पिवळ्या धातूचा' असा नोंदवा आणि दोन साक्षीदारांसमोर सही घेऊनच द्या. नावाची पट्टी मनगटाला आणि घोट्याला, अशी दोन्हीकडे हवी.