रोजचा फळा कसा चालवावा

सोलापुरात सोसायटीच्या गेटावर, वाचनालयाच्या पायरीशी किंवा शाळेच्या व्हरांड्यात रोज भाषा-इतिहासाचा एखादा तुकडा लिहायचं ठरवलं असेल, तर फळा, खडू आणि ओलं फडकं तुमचं तुम्ही बघा. अक्षर बरं असलं की पुरे. मोठं लिहा, गाडीवरून न उतरता वाचता आलं पाहिजे. चार ओळींच्या वर जाऊ नका.

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगेल, "मोबाइलवर दिनविशेष आयते येतात की ओ, तेच उतरवा." असं सांगणाऱ्याने कधी फळा लिहिलेला नसतो. त्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. २७ फेब्रुवारीला दरवर्षी 'मराठी राजभाषा दिना'च्या शुभेच्छा फिरतात. त्या दिवशी असतो मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन १ मे ला. हॉकी राष्ट्रीय खेळ असल्याचंही अजून बिनदिक्कत लिहिलं जातं, सरकारने कुठलाच खेळ तसा जाहीर केलेला नसताना. शिवाय या याद्यांत सोलापूर सापडत नाही. १२ जानेवारीला विवेकानंद आणि जिजाऊ जरूर लिहा. पण १९३१ साली त्याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिली गेली. सोलापुरातल्या फळ्यावर ती ओळ आधी यायला हवी. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत ती राहून जाते, म्हणून आदल्या रात्रीच लिहून ठेवा.

वारांप्रमाणे विषय वाटून घ्या आणि मोडायचे तेव्हा मोडा.

भाषेच्या दिवसासाठी पुस्तकाआधी शेजार गाठा. कानडी बोलणारी आजी 'तुप्पा' म्हणाली की आपल्या तुपाचं माहेर कळतं. 'अडकित्त्या'तली 'अडके' म्हणजे कानडीत सुपारी. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतही असाच खजिना पडून आहे. मात्र ऐकलेला शब्द शब्दकोशात पाहिल्याशिवाय फळ्यावर नाही.

आता खरी गोम. इतिहासाच्या दिवशी तारीख कुठली लिहायची? मला याने फार सतावलं होतं, कारण जुन्या कागदात आणि शिलालेखात तारीख नसते. तिथी आणि शक, म्हणजे शालिवाहन शकाचं वर्ष, असतो. 'शकात ७८ मिळवा, इसवी सन आला' हा नियम जो तो सांगतो आणि तो अर्धवट आहे. शक गुढीपाडव्याला बदलतो आणि इसवी सन १ जानेवारीला. म्हणजे जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. माघ-फाल्गुनाला डोळे मिटून ७९ धरा. पौष मात्र अर्धा इकडे अर्धा तिकडे, तिथे जंत्री, म्हणजे तिथी-तारखा जुळवून देणारं पुस्तक, काढूनच बघायचं.

शिवजन्माचंच घ्या: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ७८ मिळवून १६२९ येतात आणि भांडण सुरू होतं. फाल्गुन आहे, म्हणून ७९. १६३०, तारीख १९ फेब्रुवारी. राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. इथे ७८ बरोबर, ६ जून १६७४. एवढं करूनही मोबाइलमधल्या एखाद्या कॅलेंडरने शिवजन्माला १ मार्च दाखवला, तर तो जुन्या ज्युलियन आणि आजच्या ग्रेगोरियन मोजणीतला दहा दिवसांचा फरक आहे. रूढ तारीखच लिहा, फळ्यावर दोन्ही लिहून गोंधळ घालू नका. मोडी कागदांवर बऱ्याचदा शुहूर सन, म्हणजे शकाहून वेगळीच कालगणना, असते. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. ७८ लावलेत तर पाचशेवर वर्षं मागे जाऊन पडाल. कागदावर कोणता सन आहे हे कळत नसेल, तर त्या दिवशी सरळ एखादी म्हण लिहा.

मजकूर रचताना सगळ्यांना ठाऊक असलेली ओळ टाळा. डॉ. कोटणीस सोलापूरचे, हे शेंबडं पोरही सांगतं. त्याऐवजी सकाळी विचारा: '१९३८ मध्ये भारतातून चीनला पाच डॉक्टर गेले, परत किती आले?' उत्तर संध्याकाळी: चार. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, वयाच्या ३२व्या वर्षी. दुपारी कुणी उत्तर सांगून टाकलं तर टाकू द्या.

वाद होणारच. सोळा गावांवरून सोलापूर नाव पडलं ही गोष्ट खोडायला गेलात की चहा गार होईपर्यंत सुटका नाही. तोंडी भांडू नका, जिल्हा गॅझेटियर उघडा: बाराव्या शतकात, संत सिद्धेश्वरांच्या काळात, गावाचं नाव 'सोन्नलगे', आणि मोहोळ तालुक्यातल्या कामती इथे सापडलेल्या शके १२३८ च्या लेखात 'सोनलीपूर'. १२३८ म्हणजे किती, हे आता तुम्हाला काढता येईल, महिना बघून.

एक वही ठेवा. प्रत्येक नोंदीपुढे पुस्तकाचं नाव आणि पान लिहा. चूक कुणी दाखवली तर दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती लिहा. कोपऱ्यात बारीक नको. पावसाळ्यात फळा आत घ्या.